सतरा नंबरची चाल

तळा,
७ जानेवारी २०२४

चि. दीक्षा,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर बघून तुला आधी काळजी वाटेल, मग हसू येईल. काळजीचं काही नाही. सकाळी तुझा फोन येऊन गेला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो तसा, दोन मिनिटांचा. गोळ्या घेतो का, जेवण नीट होतं का, एवढं विचारलंस आणि ठेवलास. दुपारी मी कागद घेऊन बसलो.

सदतीस वर्षं लोकांची पत्रं वाटत हिंडलो, पण स्वतः कुणाला लिहिलं नाही. तुझी आई बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हा एक लिहिलं होतं. त्यात कंदिलाची काच कुठे ठेवलीस, एवढंच विचारलं होतं. पुतळाबाई महिपत अशा नावानं आलेलं तिच्या आयुष्यातलं ते एकच पत्र. मी पोस्टमन आणि माझ्या बायकोची ही तऱ्हा.

फोनवर मला बोलता येत नाही. प्रितमचं नाव काढलं की तू "ठेवते बाबा" म्हणतेस. तू हैदराबादला गेल्यापासून हेच चाललंय. पत्राचं तसं नसतं. माणूस रागात असला तरी फाडण्याआधी एकदा वाचतो. मी खूप जणांना दारात उभं राहून असं करताना बघितलंय.

तर वाच. प्रितमचं लग्न ठरलं. २८ एप्रिल, रविवार. मुलगी श्रीवर्धनकडची, तुझ्या आईच्या माहेरापासून जवळच. अमिषा नाव. अंगणवाडीत आहे. बोलते कमी, पण बोलते ते नेमकं. प्रितमसारख्या मुखदुर्बळाला अशीच हवी होती.

दुसरी बातमी म्हणजे मी बेंजो शिकायला लागलोय. हो, चाळीस वर्षं बेंजो पार्टीचा मास्तर म्हणून मिरवलो तोच मी. तू आईची गाणी ऐकून लॅपटॉपवर ज्या चाली भरल्या होत्यास, त्या बावीस फाइली प्रितमच्या मोबाइलमध्ये अजून आहेत. त्या त्याच्याकडून घेतल्या. शब्द नाहीत, आवाज नाही, नुसती मशीनची टुंग टुंग चाल. एक फाइल लावायची, ऐकायची, थांबवायची, कळा दाबत शोधायची. डाव्या हाताची बोटं पहिल्या वर्गातल्या पोरासारखी चुकतात. उजव्या हातातली नखी मात्र उगाच तोऱ्यात फिरते.

हळदीला या चाली वाजवायच्या, असं मनात आहे. आईचा आवाज तर आता नाहीच. ज्या मेमरी कार्डात तो होता ते कोरं झालं, त्याला एप्रिलमध्ये दोन वर्षं होतील. चाली तरी घरात वाजू देत. आणि त्या ऐकायला तू असावीस, एवढंच मागणं आहे. आईच्या माघारी या घरातलं पहिलं कार्य आहे.

तुझा,
बाबा


११ फेब्रुवारी

चि. दीक्षा,

पत्र मिळालं का, हे तू फोनवर सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पोचलं असणार. पाकिटावर पिनकोड मी नीट घालतो.

आज अभ्यासाचं सांगतो. सोळा फाइली हातात बसल्या. मोबाइलात फाइली वाजवायच्या अ‍ॅपात वेग कमी करायची सोय आहे, ती मला आठवडाभर सापडली नव्हती. तोपर्यंत मी मशीनमागे धावत होतो. आता साठ टक्क्यांवर ठेवतो. साठ टक्क्यांवर तुझ्या आईची चाल बरीचशी तिच्यासारखी लागते. ती कुठलीही गोष्ट सावकाशच करायची. मी तिला चिडवायचो, "तुझा भात शिजेस्तोवर वरात मुंबईला पोचेल."

मला वाटायचं बायकांच्या गाण्यात काय असतं? चार सूर, तेच वर, तेच खाली. आम्ही वरातीत सिनेमाची गाणी वाजवायचो, जयंतीला बाबासाहेबांची गाणी वाजवायचो, लोक नाचायचे, तेच मला संगीत वाटायचं. आता तेच चार सूर वाजवायला बसलो तर बोटांना सापडेनात. माझा हात प्रत्येक ओळीला शेपूट जोडतो, मुरकी घेतो. फाइलीत तसलं काही नाही. ती ओळ येते आणि सरळ खाली बसते. मला सरळ बसायचीच सवय नाही, हे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं.

चौथी चाल सुपारी सोलायची. ती ओळखली. तुझी आजी श्रीवर्धनला दुसऱ्यांच्या वाडीत सुपारी सोलायला जायची, आईला पाठीला बांधून. आई ही चाल भांडी घासताना म्हणायची. म्हणजे चाळीस वर्षं मी ती ऐकलेली होती. शब्द विचारशील तर एकही आठवत नाही.

नवव्या चालीने मात्र मला फार छळलं. तिच्या तिसऱ्या ओळीत मधेच दोन मात्रा मोकळ्या. मला वाटलं तुझी चूक झाली. मी त्या जागी दोन सूर भरून टाकले आणि ऐटीत वाजवत बसलो. वरच्या आळीची वेणूबाई पडवीत येऊन बसली होती. तिची ऐंशी उलटली, पण कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "महिपत, हितं भरू नको काय. पुतळी हितं थांबायची."

"कशापायी?" मी विचारलं.

"आरं, खोकला यायचा ना तिला. शेवटी शेवटी दमच पुरत नव्हता."

दीक्षा, तू तिचा खोकलासुद्धा मोजून फाइलीत जागा ठेवलीस. मी मास्तर म्हणवतो आणि ती जागा मला भरावीशी वाटली. त्या दिवशी पुढे वाजवलं नाही. बेंजोवर टॉवेल टाकून ठेवला.

तुला बेंजो शिकायचा होता. बारा वर्षांची होतीस, पार्टीतल्या पोरांच्या मागे उभं राहून बघायचीस. मी म्हणालो होतो, वरातीत पोरी वाजवत नाहीत. प्रितमला जबरदस्तीनं बसवलं, त्याला तर नको होता. मी चुकलो. हे फोनवर कधी बोललो नसतो म्हणून इथे लिहिलं.

सतरा नंबर अजून बसत नाही. तो सोडून अठराव्याकडे जातो.

बाबा


१० मार्च

चि. दीक्षा,

गेल्या रविवारी तू बोललीस ते बरं केलंस. निदान स्वच्छ बोललीस. "तो असेल तिथे मी येणार नाही, आणि लग्न त्याचंच आहे, म्हणजे विषय संपला." मी हो म्हणालो आणि फोन खाली ठेवला. प्रितम समोर भाकरी खात होता. त्याने ताट उचललं आणि धुऊन पालथं घातलं.

मला त्याच्या बाजूनं थोडं लिहू दे.

आमच्या धंद्याची रीत तुला माहीत आहे. कार्यक्रमाच्या आधी कार्ड कोरं करून मग त्यात गाणी भरायची. एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत स्पीकरवर मधेच कुठल्याशा जाहिरातीचं गाणं वाजलं आणि अख्खं तळा हसलं होतं. तेव्हापासून मीच हा नियम केला. गाण्यांना नावं नाहीत, नंबर. "तेरा लाव, आठ लाव" असं चालतं. तूही आईची गाणी नंबरनीच ठेवली होतीस, बापाच्या वळणावर गेलीस. आईचं कार्ड त्या छोट्या स्पीकरातच होतं, कारण तिला स्वतःचा आवाज ऐकायला आवडायचा. लाजायची आणि पुन्हा लाव म्हणायची. तुझा आधीचा मोबाइल पाण्यात पडला होता, दुसरीकडे नक्कल नव्हती. आईचा जलदान विधी झाल्यावर नक्कल करीन म्हणाली होतीस, पण पाहुण्यांच्या गडबडीत ते राहिलं आणि तू कामावर परत गेलीस.

मग चौदा एप्रिल आला. आई जाऊन चार आठवडेही झाले नव्हते. पार्टीला कार्ड हवं होतं. ते कोरं झालं आणि त्यात मिरवणुकीची गाणी भरली गेली. तू जयंतीला आलीस, रात्री स्पीकर लावलास, आणि त्यातून ढोलकी वाजली. तुझा चेहरा मी विसरलेलो नाही. "कुणी केलं?" विचारलंस. मी म्हणालो, "पार्टीचं कार्ड प्रितम भरतो." तू त्याच्या तोंडात मारलीस. तो उभा राहिला. "मला भाऊ नाही" म्हणालीस आणि सकाळच्या गाडीनं गेलीस.

पोरी, चूक कुणाकडूनही होते. मुद्दाम आईचा आवाज कोण पुसेल? रीतीच्या भरात झालं. दोन वर्षं तो हे डोक्यावर घेऊन फिरतोय. कंपनीतून येतो, जेवतो, झोपतो. पार्टीत वाजवणं सोडलं. लग्नाचं तरी मनावर घेईल की नाही, असं वाटत होतं. तू त्याला माफ कर आणि लग्नाला ये. मी म्हातारा हात जोडून सांगतो.

तुझा,
बाबा

ता. क. हे पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय, आज टाकतो. टाकावं की नको, हे अजून कळत नाही.


३० एप्रिल

दीक्षा,

लग्न झालं. तू आली नाहीस.

अमिषाच्या माणसांनी विचारलं, बहीण कुठे? मी म्हणालो, हैदराबादला मोठ्या कामावर आहे, सुट्टी मिळाली नाही. त्यांनी मान हलवली. अशा कहाण्या त्यांच्याही घरात असतील.

हळदीला मी मांडवात एकटा बेंजो घेऊन बसलो. ढोलकी नको, स्पीकर नको म्हणालो. मोबाइल मांडीवर होता, पण लागला नाही, सगळं हातात बसलं होतं. पहिली चाल वाजवली तेव्हा बायका गप्प झाल्या. नंतर वेणूबाईला दुसऱ्या चालीचे दोन शब्द आठवले, पुढचे आठवेनात, ती नुसतं "हं हं" करत राहिली. तिच्या मागे बाकीच्या बायका तशाच. तोंडं उघडी, शब्द कुणाकडेच नाहीत. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. हळदीत बापाला रडायची मुभा असते, लोकांना वेगळंच कारण वाटलं.

नवव्या चालीत मी दोन मात्रा थांबलो. वेणूबाईने माझ्याकडे बघून मान डोलावली.

सोळा संपल्यावर मी थेट अठरा सुरू केली. प्रितम पाटावर होता, अंगभर हळद. तो म्हणाला, "बाबा, सतरा ऱ्हायली."

"ती बसली न्हाय हातात," मी म्हणालो.

"न्हाय बसली?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. अमिषाच्या मामीने त्याचं तोंड हळद लावायला दुसरीकडे वळवलं तेव्हा कुठे मी सुटलो.

काल सकाळी पाहुणे गेल्यावर आम्ही दोघं मांडवाचे बांबू सोडत होतो. तेव्हा तो माझ्याशी बोलला. काय बोलला ते आज लिहायचं होतं. चार कागद लिहिले आणि चारही चुलीत टाकले. मला थोडे दिवस दे.

बाबा


५ मे

दीक्षा,

आज पहिला रविवार. सकाळी तुझा फोन वाजला आणि मी उचलला नाही. पुन्हा वाजला, तेव्हाही नाही. तुझा फोन मी आजवर कधी चुकवला नव्हता. आज उचलला असता तर पुन्हा गोळ्यांचं बोललो असतो आणि वाचलो असतो.

कार्ड प्रितमने कोरं केलं नाही. मी केलं.

सगळं सांगतो, कमी-जास्त न करता. दोन वर्षांपूर्वी, १२ एप्रिलची सकाळ होती. घरात कुणी नाही अशा समजुतीनं मी पडवीत तो छोटा स्पीकर घेऊन बसलो. मला आईचा आवाज ऐकायचा होता. ती असताना मी त्यातलं एक गाणंही ऐकलं नव्हतं. तू रेकॉर्ड करायला बसलीस की मी चपला घालून बाहेर जायचो. त्या दिवशी एकापाठोपाठ ऐकत गेलो. बरं वाटत होतं, खरं सांगतो. सतरावं लागलं. त्यात ती माझ्याविषयी गात होती.

तू ती चाल फाइलीत भरलीस, म्हणजे शब्दही ऐकले असशील. पण तुला ती नुसती थट्टा वाटली असेल, किंवा मला वाचवायला गप्प राहिली असशील. दुसरं असेल तर आज मला त्याचीही लाज वाटते. ते शब्द मी एकदाच ऐकले, आणि दोन वर्षांत एकही विसरलो नाही. लिहून देतो.

साऱ्या गावाच्या हळदी, धनी माझा वाजवितो
माझ्या जात्याच्या ओवीला, पाठ करूनी बसतो

त्याच्या बोटामंदी सूर, त्याच्या कानामंदी बोळे
माझ्या गाण्याच्या येळेला, त्याचे मिटतात डोळे

लेक बसली पुढ्यात, बाई लावून मशीन
मी मेल्यावर रं धन्या, तुला गाऊन दाखवीन

शेवटच्या ओळीला ती हसली होती. ते हसणं त्यात होतं. मागून तूही हसलीस.

मला राग आला. दुःख नंतर झालं, आधी रागच आला. मेलेल्या बायकोवर माणूस रागावतो, हे कुणाला पटणार नाही, पण मी रागावलो. वाटलं, हे कार्ड आता हैदराबादला जाणार, नातेवाईक ऐकणार, माझी पोरगी चार लोकांना ऐकवणार, आणि महिपत मास्तराची बायको त्याच्याविषयी असं गाते हे सगळ्यांना कळणार. मला तेवढं एक गाणं पुसायचं होतं. फक्त सतरा. कार्ड मोबाइलात घातलं आणि पुसायला गेलो. त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं. आमच्या कार्ड कोरं करायच्या वेळी मी जे बटण दाबतो, तेच दाबलं. हाताला तेवढंच ठाऊक होतं. बावीसच्या बावीस गेली.

नंतर उठलो आणि त्या कार्डात मिरवणुकीची गाणी भरली. कोऱ्या कार्डाचं कारण कुणी विचारू नये म्हणून. हे मात्र चुकून नाही केलं. आणि तू विचारलंस तेव्हा, "पार्टीचं कार्ड प्रितम भरतो" म्हणालो. ते वाक्य खोटं नव्हतं. एरवी तोच भरायचा. मी तेवढंच खरं बोललो आणि बाकीचं त्याच्या गालावर जाऊ दिलं.

मार्चच्या पत्रातही मी तेच केलं. त्याला माफ कर म्हणून तुला हात जोडले. ते पत्र हाताशी असेल तर फाड. मी लिहिलेलं सगळ्यात वाईट पत्र ते आहे.

आता मांडवाचे बांबू सोडताना प्रितम काय म्हणाला ते. तो म्हणाला, "बाबा, सतरा तुमच्या हातात कधीची बसलीय. मी ऐकलंय. मी कामावर गेलो असं वाटलं की तुमी तीच वाजवता."

मी दोरीची गाठ सोडत राहिलो.

तो म्हणाला, "त्या दिवशी मी घरातच व्हतो. माळ्यावर पताका काढत व्हतो. आईचा आवाज आला म्हून थांबलो. ते गाणं मी पन ऐकलं. आन मग बंद झालं."

"तवाच का न्हाय बोललास?" मी विचारलं.

"बोलून काय झालं असतं? आई गेलीच व्हती तिची. बापूस पन घालवू का?"

दीक्षा, तो एवढं बोलला आणि दुसऱ्या बांबूची दोरी सोडायला वाकला. तीस वर्षांचा माझा मुलगा. त्याला मी मुखदुर्बळ म्हणतो, सगळ्यांपुढे म्हणतो, तुलाही जानेवारीत तसंच लिहिलं. त्याच्याकडे बोलायला जेवढं होतं तेवढं त्याने तुझ्यासाठी गिळलं. तुझ्या हातची थप्पड खाल्ली, बहीण गमावली, लग्नात बहिणीची जागा मोकळी ठेवून बसला, कशासाठी, तर महिन्यातून एकदा तू मला फोन करावास म्हणून. ते दोन मिनिटांचे फोन मी दोन वर्षं घेत होतो. ते त्याच्या वाट्याचे होते.

हे तुला सांगू नये, असंही तो म्हणाला. मी ऐकणार नाही. आजवर त्याचं ऐकलं नाही, पण हे शेवटचं न ऐकणं त्याच्यासाठी आहे.

हे वाचून तू माझ्याशी बोलणं बंद करशील, हे मला कळतं. तुला मी ओळखतो. "मला बाप नाही" म्हणशील, आणि प्रितमला म्हणालीस तेव्हा ते चूक होतं, मला म्हणशील तेव्हा बरोबर असेल. मला भीती वाटते. घरात सून आलीय, मुलगा आहे, तरी पुढच्या महिन्याचा पहिला रविवार कसा जाईल, हा विचार आत्तापासून सुटत नाही. तरीही पाकीट बंद करतो. उद्या सकाळी तळ्याच्या पोस्टात मी स्वतः जाऊन रजिस्टर करणार आहे. दुसऱ्या कुणाकडे देणार नाही, वाटेत माझं मन बदलेल इतका वेळ ठेवणार नाही.

तुझी एक गोष्ट मी कायमची घालवली, ती परत देता येत नाही. दुसरी देता येते, ती देतो. तुला भाऊ आहे. दोन वर्षं होताच.

प्रितम पाचला कामावरून येतो. हात-पाय धुऊन साडेपाचला पडवीत बसतो. नंबर तोच आहे, त्याने बदलला नाही. मी विचारलं होतं का बदलत नाहीस, तर म्हणाला, असू दे. आता कळतं का असू दे.

त्याला फोन कर. त्या वेळी मी घराबाहेर असेन.

महिपत